गोदामावशी, बोरमाळ ओवून झाली

मावशी, तुह्या तेरवीच्या पंगतीत माहं जेवणात ध्यानच नव्हतं. म्हणजे जेवली मी, बुंदी दोनदा घेतली, खोटं काहाले बोलू! पण पुढच्या ओळीतल्या बाया माह्याकडं पाठ करून बसल्या होत्या अन् मी त्यांच्या माना पाहून राहिली होती. सतरा माना. सतराच्या सतरा मानांवर तुह्या हातच्या गाठी! कोणाची पोत, कोणाची एकदाणी, कोणाच्या पुतळ्या, अन् मागं लाल, हिरवे, जांभळे गोंडे. घास घेताना मान खाली जाय, गोंडा वर येय. मले वाटलं, तू असती तर वाढणं सोडून एकेकीच्या मानेवर बोट ठेवलं असतं. "हे कधी ओवलं होतं वं? दोरा किती मळला पाह्य. उद्या आण."

रडणं आलंच नाही मले. हसू येऊन राहिलं होतं. मग हात आपल्या गळ्याकडं गेला अन् गळा रिकामा. तवा आलं रडू.

माही बोरमाळ तुह्या डब्यात होती नं. अर्धी ओवलेली. अन् ते तुह्या डब्यात कशी आली, त्याची खरी गोष्ट तुले सांगायची राहून गेली. आज सांगते. साहेब दौऱ्यावर आहेत, कचेरीत मी आहे अन् हे टाइपरायटर आहे, अन् माही बोटं थांबून नाही राहिली. तू म्हणायची, "विमले, तुह्या बोटाले लय घाई. घाईनं ओवलं तं मणी उलटा बसते." उलटे बसले तर बसू दे आज.

तुले आठवते मी पहिल्यांदा आली ते? सात-आठ वर्षांची असन. आईचं मंगळसूत्र रुमालात बांधून आईनं मले धाडलं होतं, अन् चारदा बजावलं होतं, "वाढलं म्हणजो. तुटलं म्हणायचं नसते." मी गल्लीतून पळत पळत 'वाढलं, वाढलं' घोकत आली, अन् तुह्या ओट्यासमोर दम लागला, अन् तोंडातून निघालं, "मावशी, आईचं मंगळसूत्र तुटलं!"

ओट्यावर बसलेल्या दोन बायांनी कानावर हात ठेवले. एक म्हणाली, "शिव शिव, काय पोट्टी हाय."

तू हसली. माह्याकडं पाह्यलं नाही, हातातलं काम सोडलं नाही, नुसती हसली. "बरोबर बोलली पोट्टी. तुटलं. तुटाले पायजे म्हणून तं मी असा दोरा घालते."

मले काही समजलं नाही. पण मार वाचला एवढं समजलं. मी तिथंच बसली. अन् मग तुहा तो पाय पाह्यला! एक पाय दुमडलेला, दुसरा समोर लांब, अन् अंगठ्याले दोरा गुंडाळलेला, ताणलेला. दोन्ही हात मोकळे, पाय धरून राहिला अन् हात गाठी मारून राहिले. सोनं घडवणारे सोनार इतवारीत कितीतरी, पण घडवलेलं गळ्यात घालण्याजोगं ओवून देणारी आपल्या गल्लीत तू एकटीच. काका गेल्यावर तू त्याच्या जागेवर बसली तवा लोक बोलले म्हणे. तू म्हणायची, "बोलू दे न बाप्पा. बोलता बोलता माळ तुटली का येतात माह्याकडंच."

तुह्या आत्याची गोष्ट तर मी कचेरीतही सांगितली. आत्या विहिरीवर पाणी काढून राहिली होती, गळ्यातली पोत दोरात गुंतली, भरलेली बादली सुटली अन् दोर खाली सरसर. आत्या काठावरून अर्धी आत. अन् पोत तुटली! आत्या मागं पडली, पाण्यात पडले ते मणी. "पक्का दोरा असता तं?" तू विचारायची, अन् मग मान अशी बाजूले टाकून जीभ काढायची. बाप्पा, किती हसलो आम्ही त्या जिभेले! उन्हाळ्यात पाणी खाली गेलं का कोणाले तरी एक मणी सापडे. "दोन अजून विहिरीतच हायेत," तू म्हणायची, जसे काही ते दोघं माहेरी गेले आहेत.

तेच तुहं शास्त्र. गळा कापला नाही पायजे, सोन्याची कडी फाटली नाही पायजे, मणी चेपला नाही पायजे. मग झटका बसला तर कोणीतरी जाईनच नं? दोरा जाईन. तो नवा घालता येते. म्हणून ओवायच्या आधी तू दोऱ्याचा एक तुकडा घ्यायची अन् खाडकन ओढायची. तुटला तर चांगला. नाही तुटला तर "हा गुरं बांधाले ठेवा" म्हणून बाजूले.

आता भांडणाचं. आपलं भांडण मिटलंच नाही मावशी, ते तसंच ठेवून गेली तू.

मले नोकरी लागली अन् मी सीताबर्डीवरून ते गुलाबी पाचवारी पातळ आणलं, नकली रेशमाचं, अंगावर असं पाण्यासारखं! पहिले तुह्याकडं आली दाखवाले. तू पदर हातात घेतला, बोटांत चोळला, उजेडाले धरला. मी वाट पाहून राहिली, आता म्हणन सुंदर. अन् तू काय म्हटलं?

"हे फाटल्यावर याचं काय होईन?"

"मावशी! अजून एकदा नेसली नाही मी!"

"म्हणून तं विचारून राहिली. माह्या लुगड्याचं अंग विरलं तं काठ काढून नवीन अंगाले लावला. तो काठ तीन लुगडी पाहून बसला. अंगाची गोधडी झाली. गोधडी फाटली तं पोतेरं. याचं काय होईन?"

"फाटलं तर फेकून देईन! दुसरं घेईन! जलमभर एकच नेसून बसू काय?"

"नेस न बाई. पण मंग त्याले पाहुणा म्हण. घरचं म्हणू नको."

मले इतका राग आला होता! अन् कापड कंट्रोलवर असताना, लढाईच्या त्या दिवसांत, अख्खी गल्ली जुन्या लुगड्यांचे काठ उसवून उसवून वापरून राहिली, तवा माह्या त्या गुलाबी पातळाची धुण्यातच चाळण झाली. मी तुले सांगितलं नाही. तू विचारलं नाही. दांडीवर पाह्यलं असशीनच.

पण एक दिवस मी जिंकली होती, ते विसरू नको! दुपारी ओट्यावर कोणी नव्हतं, अन् तू हळूच म्हटलं, "विमले, ते पाचवारी कसं वाटते अंगावर?" मी दार लावलं, तुले नेसवलं. तू आरशात पाह्यलं, चार पावलं चालली, परत आली. "पाय सुटे सुटे वाटतात वं. बाजारात कुठं हरवून जातीन." मग कामाले बसली तशीच, अन् पाय लांब करून अंगठा वर आणाले गेली तर निऱ्या आडव्या आल्या. दोरा अंगठ्यावर टिकेच ना. तू उठली, सोडलं, आपलं लुगडं कासोटा मारून नेसलं अन् म्हणाली, "सायकलीवर बसाले चांगलं हाय. माह्या पायाले त्यात काम नाही." सायकलीसाठी तरी चांगलं म्हटलं नं! मी ते जिंकणंच धरते.

आता खरी गोष्ट.

बोरमाळ आईची, आईले तिच्या आईची. पत्र्यासारखं पातळ सोनं, आत लाख भरलेली, बेचाळीस मणी. नोकरी लागल्यावर आईनं मले वापराले दिली. माह्या मैत्रिणीचं काटोलले लग्न होतं अन् आदल्या दिवशी दोरा तुटला. तुह्याकडं आणायची होती. पण तू म्हणाली असती, दोन दिवस ठेव. मले उद्या पायजे होती! मी कचेरीतून परस्पर सीताबर्डीवरच्या एका नव्या दुकानात गेली. तिथल्या माणसानं पिवळी धमक तार दाखवली. मागं फिरकीचा आकडा. म्हणे, "बाई, हे जलमात तुटणार नाही." अर्ध्या तासात ओवून दिली.

किती खुश होती मी! गोंडा नाही, मळणं नाही, झटक्यात घाला, झटक्यात काढा. दीड वर्ष कचेरीत घातली, मावशी, घरी आईले दिसायच्या आधी काढून ठेवायची. तुह्या ओट्यावरून जाताना पदर गळ्याभोवती ओढून घ्यायची. तू म्हणायची, "काहून वं, थंडी वाजून राहिली काय?" भर वैशाखात!

मग एक दिवस पोलक्यावर तपकिरी भुकटी दिसली. मी झटकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी आरशाजवळ जाऊन पाह्यलं तर दोन मण्यांची भोकं लांबट झाली होती, कडा कातरलेल्या, अन् आतली लाख झडून राहिली होती. तार नव्हती तुटली. तारेनं मणीच कापून काढले होते. आजीपासून कोणाच्या गळ्यात जे झालं नाही, ते माह्या गळ्यात दीड वर्षात झालं. अन् माह्या मोठ्या बहिणीचं, कुसुमताईचं लग्न तोंडावर, बोरमाळ तिच्याच गळ्यात जायची होती.

मी तुह्याकडं आली अन् तोंड वर करून खोटं बोलली. "नरखेडच्या मामीनं नेली होती मावशी, तिनं तार घातली."

तू बोरमाळ हातात घेतली. लय वेळ पाह्यलं. तारेवर नख फिरवलं. मग विचारलं, "मामी बरी हाय नं?"

"हाव."

"संत्र्याचा बहार चांगला असन यंदा."

"हाव मावशी."

बस. तेवढंच. कटक करून तार कापली, मणी परातीत ओतले, बेचाळीस मोजले. ते दोन कापलेले मणी वेगळे काढून म्हणाली, "हे फेकायचे नाही. लाख भरून आणीन, अन् मागं गोंड्याखाली बसवीन. म्हातारी माणसं मागं बसून राहतात तसे." अन् चार दिवसांनी ये म्हणाली. चार दिवसांनी तुले ताप होता. सातव्या दिवशी तू नव्हती.

तेरवी झाली त्या संध्याकाळी तुही सून डबा घेऊन आली. त्यात तू ओवलेली अर्धी माळ, सुटे मणी, ते दोन म्हातारे मणी लाख भरून तयार, अन् पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळलेला हिरवा रेशमी दोरा. सून म्हणाली, "सासूबाईनं तापातच सांगितलं, बाकीची तारेवालीले ओवू दे. तारेवाली म्हणजे कोण विचारलं तर तुमच्या घराकडं बोट केलं."

तारेवाली! मावशी, मी दाराआड जाऊन इतकी हसली अन् इतकी रडली, आईले समजेना काय झालं.

अन् तो दोरा! सूनच म्हणाली, लढाईत इतवारीत रेशीम मिळेनासं झालं तवापासून तू जुन्या काठांतून ताण्याचे उभे धागे सोडवून पीळ देऊन वापरून राहिली होती. हा हिरवा तुह्या लग्नाच्या लुगड्याच्या काठातला. तीन लुगडी पाहून बसलेला तोच काठ. म्हणजे फाटल्यावर त्याचं काय होईन, ते डब्यात ठेवूनच गेली तू. भांडण अर्धवट सोडून असा डाव टाकतात काय?

मी ओवाले बसली. अन् भ्याली. इतकं जुनं रेशीम, बोटाले भुसभुशीत लागे. लग्नाच्या गर्दीत तुटलं तर? मी दोरा दुहेरी केला. मग तिहेरी. तुह्या ओवलेल्या भागातूनही माहे दोन पदर ओढून घेतले. तुकडा ओढून पाह्यला नाही, मुद्दाम पाह्यला नाही. गाठी करकचून मारल्या. तुह्या गाठी मुगाच्या दाण्यासारख्या, माह्या हरभऱ्यासारख्या. पण झाली, अन् लग्नाच्या दोन दिवस आधी ताईच्या गळ्यात घातली.

दादाची पोट्टी दीड वर्षाची. ताईनं तिले कडेवर घेतलं, पोट्टीनं बोरमाळ मुठीत धरली अन् लटकलीच. ताई ओरडली, "अगं सोड! विमले, सोडव हिले!" पोट्टी सोडेना. तुटाले पायजे होती तुह्या हिशोबानं. नाही तुटली. माह्या तीनपदरी बहादुरीनं तग धरला. सोडवली तवा ताईच्या मानेवर लाल रेघ, अन् पुढचा एक मणी चेपलेला.

आई म्हणाली, "बाप्पा, वाचली माळ! पक्की ओवली हो तू."

अन् मले तुह्या आत्याची विहीर आठवली. ते बाजूले टाकलेली मान आठवली. मी ताईच्या गळ्यातून माळ काढली, कैची घेतली अन् आईच्या समोर माहा अर्धा भाग कापून टाकला, तुह्या भागातले माहे पदर ओढून काढले. आई ओरडून राहिली, "वेडी झाली काय वं! परवा लग्न आहे!" मी खाली बसली. हिरवा दोरा एकेरी घेतला, मेण लावलं. एक तुकडा तोडून दोन्ही हातांत धरला अन् डोळे मिटून ओढला.

तुटला, मावशी. काय सुरेख तुटला!

मग ओवली. नऊवारी नेसून, पाय लांब करून, अंगठ्याले दोरा गुंडाळून. हो, नऊवारी! पाचवारीत खरंच नाही जमत, हे तुह्या बाजूचं मी मान्य करते. सायकलीचं माह्या बाजूचं. चेपलेला मणी त्या दोन म्हाताऱ्यांशेजारी गोंड्याखाली बसवला. गाठी अजून तुह्यासारख्या नाहीत, पण हरभऱ्यावरून मटकीपर्यंत आल्या.

काल लग्न झालं. नरखेडची मामी संत्र्यांची टोपली घेऊन सकाळीच आली, अन् आल्या आल्या ताईले म्हणाली, "कुसुमे, वाक जराशी." ताईच्या मानेवरून बोट फिरवलं. गाठ गाठ मोजत गेली अन् मधात थांबली.

"इथपर्यंत गोदाबाई. इथून पुढं कोण?"

"विमलीनं ओवली," आई म्हणाली.

"अस्सं! अन् तार कोण घातली होती? मी?"

मावशी, माहा जीव टाळूले! मामी हसून हसून खाली बसली. म्हणे, दर बहाराले संत्र्याच्या गाडीसोबत तिची पोत तुह्याकडंच येते, वीस वर्षांपासून! हे मले माहीतच नव्हतं! खोटं बोलाले मले हेच नाव सापडलं! अन् तू त्याच गाडीवाल्याच्या हाती निरोप धाडला होता: "मामीबाई, तुम्ही तारेचा धंदा कधी सुरू केला? भाची तुमचं नाव सांगून राहिली. रागावू नका, पोट्टी भेली हाय."

पोट्टी भेली हाय. सगळं माहीत होतं तुले. अन् मामी बरी हाय नं, म्हणून विचारून राहिली होती मले!

मी आईसमोर, ताईसमोर, मामीसमोर सांगून टाकलं. तार मी घातली होती. मण्यांची भोकं माह्यानं कापल्या गेली. तुले सांगायचं होतं मावशी, त्याच दिवशी, तुह्या ओट्यावर. तू रागावली नसती हे आता समजते, तवा समजलं असतं तर किती बरं झालं असतं. आई म्हणाली, "लग्नघर आहे म्हणून वाचली तू." पण बोरमाळेवरून तिनं हात फिरवला, त्या म्हाताऱ्या मण्यांवर जरा थांबला, अन् मग ती हळद पाहाले निघून गेली.

मामीनं कमरेचा बटवा उघडला. त्यातून रुमाल काढला, माह्या मांडीवर ठेवला. आत तिची पोत, मणी सुटे झालेले.

"आता मी कोणाकडं जाऊ?" मामी म्हणाली. "परवा गाडीत चढताना अशी अडकली दांड्याले, अन् वाढली वं."

"तुटली म्हणा, मामी," मी म्हटलं, अन् पाय लांब केला.